तडा गेलेला ब्लॉक : परवाना राजातील जुन्या मोटारींची गोष्ट

१/
भंगारातून आणलेला, किंचित तडा गेलेला सुटा भाग जुन्या मोटारीला बसवावा की टाकून द्यावा? आज हा हौशी संग्राहकांचा वाद वाटतो. १९५० च्या दशकानंतरच्या मुंबईत याच प्रश्नावर कुणाची गाडी चालू राहणार आणि कुणाची कायमची उभी राहणार, हे ठरत असे.

२/
जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणी-कारखाना सुरू केला. सुटे भाग जहाजाने येत आणि येथे त्यांची शेव्हरोले उभी राही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातूनही पुढे डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या.

३/
१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. टप्प्याटप्प्याने देशी उत्पादन वाढवण्याची योजना असलेल्या कंपन्यांनाच येथे स्थान राहील, नुसती जुळणी करणाऱ्यांना नाही, असे धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. देशी उद्योग उभा राहायचा तर हा निर्णय अटळ होता, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु रस्त्यावर धावणाऱ्या शेव्हरोले आणि फोर्ड पोरक्या झाल्या त्या झाल्याच. त्यातच १९५६-५७ मध्ये परकीय चलनाचे संकट ओढवले आणि आयात-परवाना आणखी दुर्मीळ झाला.

४/
आता नवा भाग मिळण्याची वाट एकच उरली : दुसरी गाडी मरणे. मोडीत निघालेल्या मोटारींचे अवयव चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात येत. तेथे निर्दोष वस्तू क्वचितच मिळे. म्हणून ‘कोणता दोष चालेल?’ हे ओळखणे ही मिस्त्रीची खरी विद्या ठरली.

५/
इंजिनाचा ब्लॉक घ्या. तो बिडाचा असतो. घाटात इंजिन तापून पाणी आटले आणि घाईने गार पाणी ओतले, की बीड एकाएकी आकसते आणि तडकते. तडा पाण्याच्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर ब्लॉक वाचू शकतो. प्रथम तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक गोल छिद्रे पाडतात. ताण तड्याच्या अणकुचीदार टोकाशी एकवटलेला असतो आणि तेथूनच तडा पुढे सरकतो; गोल छिद्रात तो ताण विभागला जातो आणि तड्याची वाट अडते. मग पितळेचा सांधा किंवा वेल्डिंग. बिडात कार्बन भरपूर असल्याने ते आधी तापवावे लागते आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश निवू द्यावे लागते. येथे घाई केली, तर जुन्या तड्याशेजारी नवा पडतो.

६/
तापवण्याचा धोका नको असेल तर दुसरा उपाय : तड्याच्या रेषेवर एकमेकांत किंचित शिरणारी छिद्रे पाडून, आटे काढून, त्यांत ओळीने स्क्रू बसवायचे. धातूला घातलेले टाके म्हणा ना!

७/
झिजलेल्या क्रँकशाफ्टचे गणित वेगळे. त्यावर ओरखडे असतील तर तो घासून दहा, वीस, तीस ‘थाऊ’ने बारीक करतात आणि तितकेच जाड बेअरिंग घालतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सिलिंडर झिजला तर उलट : बोअर मोठा करून मोठा पिस्टन, किंवा आत नवी स्लीव्ह. प्रत्येक घासणीत एक आयुष्य खर्ची पडते, आणि ही आयुष्ये मोजकीच असतात.

८/
काही दोषांना मात्र क्षमा नव्हती. कनेक्टिंग रॉडवर किंवा स्टिअरिंगच्या सांध्यात केसाएवढी चीर दिसली, तरी तो भाग भंगारातच परत गेला पाहिजे. ब्लॉकची भिंत फुटली तर पाणी गळते आणि गाडी थांबते. स्टिअरिंगचा सांधा तुटला तर गाडी थांबत नाही, हीच भीती. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरची बारीक रेघही तशीच निरुपयोगी : ठिणगी तिच्यातूनच पळवाट काढते.

९/
पेट्रोल महागले तसे अनेक मालकांनी ही खटपट सोडली आणि अमेरिकन गाडीत डिझेल इंजिन बसवले. गाडी चालली, पोट भरले. मूळ ब्लॉक भंगारात गेला आणि त्यावर कोरलेला इंजिन-क्रमांकही त्याच्याबरोबर गेला.

१०/
त्या निर्णयाची किंमत आता कळते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे, त्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. ज्या मिस्त्रीने तडकलेला ब्लॉक फेकू दिला नाही, त्याने नकळत हे मूळ स्वरूपही राखले.

११/
जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिन सनद आणखी पुढे जाते. वापरातील आयुष्यात वाहनात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे साक्षीदार होत, असे ती मानते. मग हिरव्या-राखाडी रंगाखाली दडलेली ती पितळेची रेघ घासून सपाट करायची, की तशीच दिसू द्यायची? संग्राहकांत यावर अजून एकमत नाही.