डेल्को, प्लग आणि मिसिंग

"गाडी मिसिंग मारतेय" हे वाक्य आमच्या बीड जिल्ह्यात कुणी ऐकलं नसेल असं मला वाटत नाही. बीड शहरात प्रवासी रेल्वे पोचली ती २०२५ साली. तोवर सगळी मदार रस्त्यावर, म्हणजे एस.टी., जीप आणि कुणाची तरी जुनी चारचाकी. त्यामुळे गॅरेजची भाषा आमच्याकडे घरोघरी शिरलेली. मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, इंजिन हा काही माझा विषय नव्हे. पण या 'मिसिंग'च्या मागे इतिहास मोठा गमतीचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मिसिंग म्हणजे काय ते पाहू. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्यात दर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्याही ठरलेल्या क्रमाने. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या कंपनीत बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत हा क्रम १-३-४-२ असा होता. यातल्या एका सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं नाही की इंजिन बंद पडत नाही, लंगडतं. चार बैलांच्या नांगराला तीनच बैल ओढताहेत आणि चौथा नुसता बरोबर चालतोय, तसं. सपाटीवर निभून जातं, पण मांजरसुंब्याचा घाट लागला की सोंग उघडं पडतं.

ठिणगी वेळेवर पाडायची कशी, हा मोटारीच्या जन्मापासूनचा प्रश्न. कार्ल बेंझने १८८६ साली जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, तीच गाडी हाकत शंभरेक किलोमीटरवरच्या माहेरी गेली. वाटेत पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला, तो तिने टोपीच्या पिनेने काढला. ठिणगीच्या तारेचं आवरण झिजलं, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला, असं सांगतात. पेट्रोलची वाट आणि ठिणगीची वाट, याच दोन जागा आजचा मिस्त्रीही आधी तपासतो!

पुढे १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातल्या गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला. मग आला अमेरिकेतला चार्ल्स केटरिंग. हा गृहस्थ आधी शाळामास्तर होता, हे वाचून मला उगाचच आनंद झाला. १९०९ साली त्याने एडवर्ड डीड्सबरोबर डेटन गावी 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. तिची आद्याक्षरं जोडली की होतं 'डेलको'. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्यावर चालणारी त्यांची ठिणगीची व्यवस्था जगभर पसरली. प्लगांना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आपले मिस्त्री आजही 'डेल्को' म्हणतात. डेटन गावाचं नाव बीडच्या गॅरेजमध्ये असं येऊन बसलंय.

मिसिंग शोधण्याची जुन्या मिस्त्रींची पद्धत मी कितीदा तरी उभं राहून पाहिली आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून बघायची. (घरी करू नका, झटका जबरदस्त असतो.) वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर चोर तिथेच. मग प्लग खोलून त्याचा रंग वाचायचा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तेलकट ओला म्हणजे बहुधा रिंगा झिजल्यात. त्यानंतर तो प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायचा. खोड प्लगबरोबर शेजारी गेली तर दोष प्लगचा. नाही गेली तर वायर, डेल्कोचं टोपण, आणि शेवटी सिलिंडरमधला दाब. पावसाळ्यात टोपणाला केसासारखी चीर आणि ओल एवढंही पुरतं.

आता डेल्को गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आज बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असते आणि मिसिंगवर कॉम्प्युटर लक्ष ठेवतो. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग जाळून टाकतो, म्हणून ही दक्षता. हा कॉम्प्युटर ओळखतो कसा? ठिणगी चुकली की इंजिनाचा दांडा क्षणभर रेंगाळतो, ते रेंगाळणं तो मोजतो. मिस्त्रीचा कान हेच तर ऐकत होता! मग मशीनवर 'पी ०३०३' असा आकडा येतो, म्हणजे तिसरा सिलिंडर. पण तिसरा का, हे तो आकडा सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे शोधायला पुन्हा जुनीच अदलाबदल करावी लागते.

मला यात माझा वर्ग दिसतो. एकोणतिसाचा पाढा चालू असला आणि एक बाक गप्प असला की डोळे मिटूनही कळायचं, आवाजाला भोक पडायचं. पण पोरगं गप्प का, हे त्यावरून कळत नसे. एखाद्याला फळा दिसत नसे, एखादं उपाशी आलेलं असे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर राहून चार महिन्यांनी परतलेलं असे. जागा बदलून पुढच्या बाकावर बसवलं की निम्म्यांचा उलगडा व्हायचा. प्रगतिपुस्तकावर मात्र नुसतं 'नापास' एवढंच.

तेव्हा नातेवाईक मंडळींना एवढंच सांगणं, मशीनने तिसरा सिलिंडर दाखवला म्हणून लगेच नवीन कॉइल विकत घेऊ नका. आधी शेजारची लावून बघायला सांगा. पाच-दहा मिनिटांचं काम असतं.