तमाशाचा पैसा आणि महाडचं तळं

आपल्या रायगड जिल्ह्यात आता महोत्सवांचा सुकाळ झालाय. घारापुरीच्या लेण्यांपाशी १९८९ पासून पर्यटन महामंडळाने एलिफंटा महोत्सव भरवायला सुरुवात केली. शास्त्रीय गाणं, शास्त्रीय नाच, मुंबईहून लाँचने येणारे रसिक, त्यांत परदेशी पाहुणे, आणि लेण्यांवर सोडलेला रंगीत उजेड. त्याच बेटावर माणसं राहतात, त्यांच्या तीन वस्त्या आहेत. त्यांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, आणि मग कंदील. दगडी शिवाच्या तोंडावर झोत आणि माणसाच्या घरात अंधार, असा हा कलेचा व्यवहार. पुढे जानेवारी २०१६ मध्ये पाचाड-रायगडला सरकारी रायगड महोत्सव झाला. मोठ्या कलादिग्दर्शकाच्या हातून सजावट, शिवकाळाचा देखावा.

अशा सगळ्या महोत्सवांत एक कप्पा ठेवलेला असतो. त्याचं नाव 'लोककला'. ढोलकी, हलगी, सनई, लावणी, गोंधळ सगळं त्या कप्प्यात. निवेदक बाई गोड आवाजात सांगते, ही आपल्या मातीची कला. बरं, माती आपली, पण हात कुणाचे? गावच्या जत्रेत देवाच्या पालखीपुढे वाजवायचं, दिवटी धरायची, आणि नंतर पालखी ज्या देवळात जाते त्याच्या पायरीला शिवायचं नाही, हे काम कुणाच्या वाट्याला होतं? १९५६ नंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी हे वाजवणं सोडलं तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार कुणी टाकले? हे निवेदनात नसतं.

मित्रांनो, ह्या प्रश्नाचा इतिहास शोधायचा तर घारापुरीला जाऊन उपयोग नाही. महाडच्या बाजारपेठेत जावं लागतं.

महाड म्हणजे मूळची व्यापाराची पेठ. सावित्रीच्या खाडीने भरतीबरोबर बाणकोटकडून गलबतं वर यायची. वरंध घाटाने, पार घाटाने देशावरचा माल खाली उतरायचा. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, गूळ यांची उलाढाल. ही पेठ किती जुनी, ते गावाबाहेरची गंधारपाल्याची बौद्ध लेणी सांगतात. तिथल्या शिलालेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचं दान कोरलंय. म्हंजे ह्या गावात हिंदू देवळांचे छबिने निघण्याच्या कितीतरी आधी भिक्खू राहत होते आणि त्यांना दान देणारे लोक होते. बाबासाहेब महाडला आले असताना इथली लेणी त्यांनी मुद्दाम पाहिली, रायगडही चढून पाहिला. आपले कार्यकर्ते दरवर्षी तळ्यावर येतात, पाणी पितात आणि एस.टी. पकडतात. हायवेवरून लेणी दिसतात, तरी वर कुणी चढत नाही. असो.

याच महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीला राहिले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' छापलं. दासगाव म्हणजे लष्करी पेन्शनर महारांचं गाव, खाडीकाठचं बंदर. पुढे महाडची परिषद जुळवण्यासाठी धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे तिथलेच. त्यामुळे १९२७ काही आभाळातून पडलं नाही. पेठ होती, बंदर होतं, पलटणीत शिकलेली माणसं होती, मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत राबणारे त्यांचे भाऊबंद होते.

१९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली कुठे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? वीरेश्वर थिएटरात. नाटकाच्या मांडवात! ज्या पेठेत महाराला घोटभर पाणी मिळत नव्हतं तिथे करमणुकीच्या जागेत आपली पहिली मोठी सभा झाली. परिषदेला लागणारं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. नगरपालिकेने तर ५ जानेवारी १९२४ लाच तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता, बोले ठरावाला धरून. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात. २० तारखेला ती मिरवणूक नाटकमांडवातून निघाली, बाजारपेठेतून तळ्यावर गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्याले. मग अफवा उठली की महार आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि लाठ्या घेतलेले लोक मांडवावर चालून आले. जेवत होते त्यांना मारलं, शिजलेलं अन्न मातीत तुडवलं. तळं शुद्ध करायला शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप यांचे १०८ घडे ओतले. एवढं नाट्य वीरेश्वर थिएटराच्या फळ्यांवर कधी झालं नसेल.

डिसेंबरची परिषद तर आणखी विचारपूर्वक उभी केलेली. मोटारवाले गाड्या देणार नाहीत या भीतीने बाबासाहेब आणि प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने निघाले, २५ डिसेंबरला दासगावला उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला आले. पेठेतला एकही हिंदू जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जमीन दिली. तिच्यावर मांडव. २५ तारखेच्या रात्री खड्डा खणून केलेली वेदी, त्यात चंदनाचे तुकडे, कोपऱ्यांवर खांब आणि खांबांवर घोषणांचे फलक. सहस्रबुद्धे आणि काही अस्पृश्य साधू यांच्या हातून मनुस्मृती जळली. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण, हे लक्षात ठेवा. होमाची सगळी सामग्री त्यांचीच उचलली आणि होमात त्यांचाच ग्रंथ टाकला. कलेचं शिक्षण देणाऱ्या कुठल्या संस्थेत हे शिकवतात?

आणि आंतरराष्ट्रीय म्हणायचं तर तेही त्याच मांडवात झालं. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी महाडच्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्साय इथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेल्या, रोज्या आणि काठी घेतलेल्या माणसांना त्यांनी पॅरिसच्या लोकांच्या शेजारी बसवलं. आज आपल्या जिल्ह्यात परदेशी पाहुणा आला की पुढारी त्याला फेटा बांधतात. त्या रात्री फ्रान्स महाडला आला होता तो फेटा न बांधता.

आता मूळ मुद्दा. परिषदेला पैसा लागत होता. गावोगावच्या महारांनी वर्गणी दिली, धान्य दिलं. त्याच सुमाराची एक हकिगत चळवळीत तोंडोतोंडी चालत आली आहे आणि अभ्यासकांनीही ती नोंदवली आहे. तमाशातले त्या काळचे सर्वांत मोठे शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जातीने ब्राह्मण. जात सोडून महारामांगांच्या फडात आले, ढोलकीवर नाचणाऱ्या पवळाबरोबर त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं. पवळा संगमनेरकडच्या हिवरगावची, महाराची पोर. तर या बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या तमाशाच्या काही खेळांचं उत्पन्न देऊ केलं. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. महार बायांना नाचवून मिळवलेला पैसा मला नको, हा त्यांचा भाव.

आमचे कलावादी मित्र इथे नाक मुरडतात. म्हणतात, बाबासाहेबांना लोककलेची कदर नव्हती, विलायतेत शिकलेला सोवळा माणूस. हे साफ खोटं. ज्याने परिषद नाटकमांडवात भरवली आणि मनुस्मृतीचा होम मांडला त्याला रंगभूमी कळत नव्हती? त्यांना दिसत होता तो व्यवहार. बापूरावांसारखा ब्राह्मण जात सोडून फडात आला, तर त्याची गोष्ट होते, त्याचं चरित्र होतं, पुढे सिनेमाही होतो. महाराची पोरगी फडात आली तर तिला सोडायला जातच नसते. जात तिला तिथे आणते. ती नाचते तेव्हा तिला बघायला सारी पेठ लोटते आणि सकाळी त्याच पेठेच्या आडावर तिला पाणी मिळत नाही. रात्री चालते, दिवसा बाटवते. हा हिशेब ज्याला कळला त्याने ते पैसे परत केले. माझ्या मते बरोबर केलं.

पण इथेच थांबलं तर आपलं आपल्यालाच लबाडीचं वाटेल. पैसे परत गेले. त्या बायांचं काय झालं? दुसऱ्या रात्री त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याच असणार. पोट होतं. महाडला त्याच डिसेंबरात बाबासाहेब आपल्या बायांपुढे वेगळं बोलले. लुगडं कसं नेसा, कथलाचे जडशीळ दागिने टाका, जात ओळखू येईल अशी कुठली खूण अंगावर ठेवू नका. बायांनी ते लगेच अमलात आणलं. पुढे १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांची सभा झाली, तिथे त्यांनी धंदा सोडा म्हणून स्पष्ट सांगितलं. सांगणं योग्यच. पण सोडून जायचं कुठे, याचं उत्तर द्यायला त्यांच्यामागे चळवळ उभी होती का? घर कुणी दिलं? लग्न कुणी केलं? आमच्या वस्तीतही तमाशातली बाई म्हटलं की माणसं तोंड फिरवतात, हे खोटं आहे का? शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि हाच प्रश्न आपल्यापुढे टाकला. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तेव्हा आपण अभिनंदनाचे बॅनर लावले. तो ग्रंथ वाचून किती शाखांमध्ये चर्चा झाली?

तमाशा नाकारला, मग त्या जागी काय उभं राहिलं? जलसा. सत्यशोधकांनी वाट पाडून ठेवली होती. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३१ च्या आसपास आंबेडकरी जलसा उभा केला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत मंडळं निघाली. साचा तमाशाचाच. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, झांज तीच, वाजवणारे हातही तेच. गणातला गणपती गेला. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण अडवतो, तेही गेलं. त्या जागी आडावरचं पाणी, पोरांची शाळा, मेलेल्या ढोराचं मटण, दारू, सावकार हे विषय आले. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंत 'जनता' पत्रातला मजकूर जलशाने पोचवला. गॅसबत्तीच्या उजेडात रात्ररात्र. बिदागी म्हणून भाकरी आणि कधी तीही नाही. कर्डकांनी १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवलं म्हणून एवढं तरी आपल्याला ठाऊक आहे.

जलशात बाई नाचत नव्हती. बाईचं काम पुरुष लुगडं नेसून करायचा. तमाशात बाईची विटंबना होती म्हणून तिला काढलं, हे समजतं. पण तिला काढताना तिचा आवाजही गेला. ढोलकी आपण मागून घेतली, बाई परत मागितली नाही. पुढे कॅसेटचा जमाना आला तेव्हा भीमगीतांमधून बाया पुन्हा पुढे आल्या. आज कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि गर्दी गप्प होते. मधली तीस-चाळीस वर्षं कोण गात होतं, जात्यावर, न्हाणीत, लग्नाच्या मांडवात, ह्याची वही कुणी केली नाही.

सरकारने मात्र आपलं काम चोख केलं. स्वातंत्र्य आल्याबरोबर मुंबई सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदी आणली, मग सुधारणेसाठी समिती नेमली, वग आधी तपासून घ्यायचा नियम केला. धुऊनपुसून त्याचं लोकनाट्य झालं, ते दादर-पुण्याच्या थिएटरात गेलं आणि तिथे पांढरपेशा प्रेक्षकाने तिकीट काढून हसत हसत पाहिलं. फडातल्या बाया कनातीतच राहिल्या. त्या धुतलेल्या कापडाचे तुकडे आज महोत्सवात 'लोककला' म्हणून फडकतात. जलसा त्या कप्प्यातही नाही. तो त्यांना राजकारण वाटतो.

महाडला मात्र महोत्सव भरतोच, वर्षातून दोनदा. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला. निमंत्रणपत्रिका नाही. गावागावांतून ट्रक, टेंपो, एस.टी. येतात. तळ्याभोवती पुस्तकांची दुकानं, फोटो, निळे झेंडे, बिल्ले. कडेला शाहीर आपापला माईक लावून उभे, एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळलेला. पेठेतले दुकानदार त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या विकतात. आपण विकत घेतो. १९२७ चे चाळीस रुपये आठवून माझ्यासारख्याला हसू येतं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची पेठ बुडाली. अशा पुरात पहिल्यांदा कागद जातो. जलशाच्या वह्या आपल्या घराघरांत ट्रंकेत, माळ्यावर, फोटोच्या मागे असतील. त्या कुणाच्या संग्रहालयात नाहीत. तेव्हा पुढच्या २० मार्चला येताना प्रत्येक शाखेने एक वही आणावी. शाहिराचं नाव, गाव, कुठलं वाद्य, कुणाच्या मंडळात होता, ते विचारून लिहावं. आणि आपल्या वस्तीत तमाशात गेलेली एखादी म्हातारी असेल, तर तिच्या दारात जाऊन बसावं, तिने दिलेला चहा प्यावा, आणि ती कुठल्या फडात होती, काय गायची, हे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. नाव लिहायचं की नाही, हे तिला विचारून.