नाव ग्रिमाल्डींचे, वंश कुणाचा?

राजघराणे टिकले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय टिकलेले असते? रक्त, नाव, की नुसती गादी? सातारा, कोल्हापूर, ग्वाल्हेर, बडोदे या गाद्यांच्या हकिकती ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न नवा नाही. मला मात्र त्याचे सर्वांत उघड उत्तर मिळाले ते दूरच्या एका संस्थानाच्या इतिहासात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे मोनॅको हे ते संस्थान. विस्तार सुमारे दोन चौरस किलोमीटर. आपल्याकडचे मध्यम खेडेही शिवारासकट याहून मोठे असते.

१२१५ साली जिनोआच्या व्यापारी गणराज्याने समुद्रात घुसलेल्या एका खडकावर किल्ला बांधायला घेतला. जिनोआत तेव्हा दोन तट होते, एक पोपच्या बाजूचा आणि दुसरा सम्राटाच्या. पोपच्या तटातले ग्रिमाल्डी शहरातून हाकलले गेले. त्यांच्यातला फ्रान्सेस्को ८ जानेवारी १२९७ रोजी साधूचा झगा घालून किल्ल्याच्या दाराशी गेला, त्याने आश्रय मागितला आणि दार उघडताच तलवार उपसली, अशी हकिकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मोनॅकोच्या राजचिन्हावर आजही तलवारी उगारलेले दोन साधू आहेत.

गंमत अशी, की या मूळपुरुषाला मूलबाळच नव्हते. पुढचा वंश चालला तो त्याच्या चुलत घराण्यातल्या रेनिएचा. किल्लाही चार वर्षांत हातचा गेला. पुढे तो मिळत आणि जात राहिला, आणि कायमचा ताब्यात आला तो १४१९ साली. मधल्या काळात शेजारची मेंतों आणि रोकब्रून ही दोन गावे घराण्याने पैसे मोजून विकत घेतली, १३४६ आणि १३५५ मध्ये. ही दोन गावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

एवढ्याशा खडकाला स्वतःच्या बळावर जगणे शक्य नव्हते. म्हणून १५२४ मध्ये ग्रिमाल्डींनी स्पेनचे छत्र पत्करले आणि गडावर स्पॅनिश शिबंदी आली. दुसऱ्या होनोरेने १६१२ मध्ये ‘प्रिन्स’ हा किताब लावायला सुरुवात केली आणि १६४१ मध्ये फ्रान्सशी तह करून स्पेनची शिबंदी बाहेर काढली. शिबंदी गेली, पण छत्राची गरज गेली नाही. फक्त छत्र धरणारा हात बदलला.

पहिल्या आंत्वानला मुलगा नव्हता. त्याने थोरली मुलगी लुईझ-इपोलित हिचे लग्न १७१५ मध्ये नॉर्मंडीतल्या मातिन्यों घराण्यातल्या जाकशी लावले, तेही एका अटीवर: जावयाने आपले आडनाव सोडून ग्रिमाल्डी हे नाव आणि चिन्ह घ्यायचे. १७३१ मध्ये ती गादीवर आली आणि त्याच वर्षी देवीच्या रोगाने वारली. काही काळ जावयाने राज्य पाहिले, मग १७३३ मध्ये मुलासाठी ते सोडले. पुरुषवंशाचे ग्रिमाल्डी तिथे संपले. पुढचे सारे राजे खरे पाहता मातिन्यों, पण दप्तरात ग्रिमाल्डी.

फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ मध्ये संस्थान गिळले. १८१४ मध्ये ते परत मिळाले आणि लगेच सार्डिनियाच्या संरक्षणाखाली गेले. या काळात राजाने उत्पन्नासाठी पावाचा मक्ता स्वतःकडे ठेवला आणि लिंबांवर कर लादले. मेंतोंचे लोक लिंबांच्या बागांवर जगणारे. १८४८ च्या मार्चमध्ये मेंतों आणि रोकब्रून यांनी राजाला झुगारून स्वतःला स्वतंत्र नगरे म्हणून जाहीर केले. १८६० मध्ये त्यांनी नीस प्रांताबरोबर मतदान करून फ्रान्सला कौल दिला. १८६१ च्या तहात तिसऱ्या शार्लने चाळीस लाख फ्रँक घेऊन दोन्ही गावांवरचा हक्क सोडला. संस्थानाची सुमारे ९५ टक्के भूमी गेली. लोकांनी कौल दिला, रक्कम मात्र राजाला मिळाली. त्याच शार्लच्या कारकिर्दीत कॅसिनो उभा राहिला, १८६८ मध्ये रेल्वे आली आणि १८६९ मध्ये थेट कर माफ झाले. वीस वर्षे आधी हे सुचले असते तर मेंतों हातचे गेले असते का, असे मनात येते.

पुढचा पेच विसाव्या शतकातला. राजपुत्र लुईला औरस संतती नव्हती. नात्याने वारस ठरत होता उराखचा ड्यूक विल्हेल्म, म्हणजे एक जर्मन सरदार, आणि तोही पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत! फ्रान्सला ते सोसणार नव्हते. जुलै १९१८ च्या तहाने वारसासाठी फ्रान्सची संमती आवश्यक ठरली. १९१९ मध्ये लुईने आपली विवाहबाह्य मुलगी शार्लोत हिला रीतसर दत्तक घेतले. १९२० मध्ये तिचे लग्न प्येर द पोलिन्याकशी झाले आणि या जावयानेही ग्रिमाल्डी नाव घेतले. शार्लोतने १९४४ मध्ये आपला हक्क मुलाला दिला. तोच तिसरा रेनिए. त्याने १९४९ ते २००५ राज्य केले. आजचा दुसरा अल्बेर हा त्याचा मुलगा.

इथे मला आपल्या जिल्ह्यातले कित्तूर आठवल्याशिवाय राहत नाही. १८२४ मध्ये तिथले दत्तक कंपनी सरकारने नाकारले आणि राणी चन्नम्मा लढाईला उभी राहिली. मेंतोंने उठाव केला त्याच १८४८ साली साताऱ्याचे दत्तक डलहौसीने नामंजूर करून राज्य खालसा केले. उलट १८७५ मध्ये बडोद्याला जमनाबाईंनी सयाजीरावांना दत्तक घेतले, ते मात्र इंग्रजांनी मान्य केले. रूढी तीच होती, बदलली होती ती राज्यकर्त्यांची सोय. मोनॅकोचे दत्तकही शास्त्राने तरले नाही. पॅरिसला ते हवे होते म्हणून तरले.

१९६२ मध्ये करांवरून वाद झाला, तेव्हा फ्रान्सने एका रात्रीत सीमेवर जकात नाकी उभी केली. मग रेनिएला तडजोड करावी लागली. १९९३ मध्ये मोनॅको संयुक्त राष्ट्रांचा सभासद झाला. २००२ मध्ये राज्यघटना बदलून राजाच्या भावंडांना व त्यांच्या मुलांनाही वारसाहक्क दिला गेला आणि फ्रान्सशी नवा तह झाला. राजाला औरस संतती नसली तरी गादी आता धोक्यात येत नाही.

घराण्याचे नाव असे दोनदा जावयांनी पुढे नेले. भाषेचे तसे झाले नाही. जिनोआच्या वळणाची मोनेगास्क ही तिथली जुनी बोली, पण संस्थानाची राजभाषा फ्रेंच. ती बोली घराघरांतून ओसरत गेली. लुई नोतारी यांनी १९२७ मध्ये त्या बोलीत काव्य लिहिले, आणि १९७६ पासून ती शाळांतून शिकवतात. जावयाचे नाव हुकुमाने बदलता आले, नातवंडांच्या तोंडची भाषा मात्र हुकुमाने राखता आली नाही. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ग्रिमाल्डींच्या गादीपेक्षा त्या शाळेतल्या तासाबद्दलच अधिक आस्था वाटावी.