मिती आणि मत : एकनाथांच्या वाराणसीतील ग्रंथसमाप्तीविषयी

एकनाथी भागवताच्या एकतिसाव्या, म्हणजे अखेरच्या अध्यायात ग्रंथसमाप्तीची मिती दिलेली आहे. स्थळ वाराणसी, विक्रम संवत १६३०, वृष संवत्सर, कार्तिक शुद्ध पौर्णिमा, सोमवार. एवढ्यावर कवी थांबत नाही. आता आपल्या देशीचा, गोदातीरावरील प्रतिष्ठानचा कालोच्चार ऐका, अशा आशयाचे सांगून तो शालिवाहन शक १४९५, श्रीमुख संवत्सर अशी दुसरी नोंद करतो. पहिले पाच अध्याय पैठणात सिद्ध झाले आणि उर्वरित रचना आनंदवनात, म्हणजे काशीत, विस्तारली, हेही तो नमूद करतो.

एकाच वर्षाला वृष आणि श्रीमुख अशी दोन नावे कशी, हा प्रश्न येथे उद्भवतो. साठ संवत्सरांच्या चक्रात श्रीमुख सातवा आणि वृष पंधरावा. उत्तरेकडील बार्हस्पत्य गणनेत सुमारे ८५ वर्षांनी एक संवत्सर गाळला जातो. दक्षिणेत तो गाळला जात नाही. त्यामुळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दोन गणनांत आठ संवत्सरांचे अंतर पडले होते. म्हणजे दोन्ही नावे आपापल्या प्रदेशात बरोबर ठरतात. विक्रम १६३० आणि शक १४९५ ही दोन्ही वर्षे त्या कार्तिकात इसवी सन १५७३ मध्येच येतात. तत्कालीन ज्युलियन कालगणनेनुसार ९ नोव्हेंबर १५७३ हा दिवस सोमवार होता आणि गणिताने पौर्णिमाही त्याच दिवशी येते.

हा तपशील येथे विस्ताराने मांडण्याचे कारण असे की, तथ्यकथनाचे स्वरूप त्यातून स्पष्ट होते. एकनाथांनी केलेले विधान चुकीचे ठरू शकले असते. वार जुळला नसता, संवत्सर दुसरा निघाला असता, तर आज चारशेहून अधिक वर्षांनंतरही कोणीही ते दाखवून देऊ शकला असता. सांगणाऱ्याविषयी श्रद्धा बाळगावी वा न बाळगावी. विधान त्यावर अवलंबून नाही. पडताळ्यापुढे स्वतःला उघडे ठेवणे हे तथ्यकथनाचे लक्षण मानता येईल.

त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात एकनाथ निराळ्या प्रकारचे विधान करतात. संस्कृत देवांनी निर्माण केली असे म्हणावे, तर प्राकृत काय चोरांपासून आली, असा त्यांचा प्रसिद्ध सवाल आहे. हे मत आहे, आणि कवी ते मत म्हणूनच मांडतो. त्याच्या समर्थनार्थ तो मिती देत नाही, युक्तिवाद देतो. या मताला उत्तर द्यायचे तर प्रतिवाद करावा लागेल. पंचांग उघडून भागणार नाही. एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथात, पहिल्या आणि अखेरच्या अध्यायांत, मत आणि मिती या दोहोंची अशी स्वतंत्र व्यवस्था आढळते.

या दोहोंची सरमिसळ पुढच्या काळात झाली. काशीतील संन्याशांनी व पंडितांनी मराठी टीकेला हरकत घेतली, एकनाथांची परीक्षा घेतली आणि अखेरीस ग्रंथाचा गौरव केला, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. कीर्तनांतून रूढ झालेल्या रूपात ग्रंथ गंगेत टाकला जातो, गंगा तो परत देते आणि पुढे हत्तीवरून त्याची मिरवणूक निघते. महिपतींनी भक्तलीलामृतात परीक्षेचा प्रसंग रंगवला आहे. तो ग्रंथ शक १६९६ चा, म्हणजे १७७४ चा. समाप्तीच्या मितीपासून दोनशे एक वर्षांनंतरचा. समाप्तीची मिती सांगणाऱ्या ओव्यांत गंगार्पणाची वा मिरवणुकीची हकीकत येत नाही.

मौन हा अभावाचा पुरावा नव्हे, हे खरे. तरीही आणखी एक नोंद विचारात घ्यावी लागते. एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर वाराणसीतच, मणिकर्णिकेच्या तीरावर, शक १४९३, प्रजापती संवत्सर, चैत्रातील रामनवमीस पूर्ण झाले, असे त्या काव्यातच म्हटले आहे. हे वर्ष १५७१. अर्थात भागवत पूर्ण होण्यापूर्वी अडीच वर्षे हा कवी या नगरीत मराठीत ग्रंथरचना करीत होता. केवळ जाब देण्यासाठी पैठणहून प्रथमच काशीत बोलावला गेलेला परका, हे आख्यानातून मनात उभे राहणारे चित्र या नोंदीशी सहज जुळत नाही. मात्र तो या अडीच वर्षांत येथेच राहिला की मध्यंतरी पैठणला परतला, हे दोन मित्यांवरून सांगता येत नाही. तो येथेच राहिला असे कोणी म्हटले, तर ते अनुमान होय, आणि त्याने अनुमानाच्याच वेषात वावरले पाहिजे.

न्यायपरंपरेने अशा कथनासाठी 'ऐतिह्य' ही संज्ञा योजली आहे. ज्याचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाही अशी प्रवादपरंपरा, असे वात्स्यायनाने तिचे स्वरूप सांगितले. न्यायसूत्रे ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत. ते शब्दप्रमाणात अंतर्भूत करतात. शब्दाचे प्रामाण्य आप्त वक्त्यावर अवलंबून असल्याने 'कोणी सांगितले' हा प्रश्न टळत नाही. महिपतींना या प्रश्नाची जाणीव होती. भक्तविजयात त्यांनी उत्तरेतील नाभाजी आणि माणदेशातील उद्धवचिद्घन यांचा आधार म्हणून निर्देश केला आहे. आपण रचलेले नव्हे, ऐकलेले व वाचलेले सांगतो, असा त्यांचा पवित्रा आहे. त्यांच्या आख्यानाला दस्तऐवज बनवण्याचे काम नंतरच्या वाचकांनी केले.

तुलनेने पाहता हे अधिक स्पष्ट होते. भागवताच्या समाप्तीनंतर पाच महिन्यांच्या आत, विक्रम संवत १६३१ च्या चैत्र शुद्ध नवमीस, तुलसीदासांनी अयोध्येत रामचरितमानसाचा आरंभ केल्याचे त्या ग्रंथात नमूद आहे. त्याच्याविषयीही काशीतील पंडितांच्या विरोधाची कथा प्रचलित आहे. विश्वनाथाच्या मंदिरात रात्री सर्व शास्त्रांच्या तळाशी ठेवलेली पोथी सकाळी सर्वांच्या वर सापडते. दोन भाषा, दोन कवी, एकच नगरी आणि निवाड्याचा एकच साचा. एवढे साम्य आढळले की घटनेपेक्षा कथाबीजाचा विचार आधी करावा लागतो.

परंतु साचा सारखा म्हणून पुरावाही सारखा, असे मानणे ही दुसरी चूक ठरेल. तुकारामांच्या गाथेत तेरा दिवसांच्या निरन्न धरण्याचा आणि पाण्यात कागद रक्षिले गेल्याचा उल्लेख कवीच्याच तोंडी येतो. तेथे अनुभवणाऱ्याची साक्ष आहे. तिचा अर्थ कसा लावावा याविषयी मतभेद होऊ शकतात. पण ती दोनशे वर्षांनंतरची प्रवादपरंपरा नाही. देहू आणि काशी येथील दोन कथा एकाच मापाने मोजणारा अभ्यासक, श्रद्धाळू असो वा संशयवादी, पुराव्याचा भेद पुसून टाकतो.

यातून एक गंभीर परिणाम संभवतो. काशीचे पांडित्य देशी भाषांचे वैरी होते, हे सिद्ध करण्यासाठी एकनाथांची ही कथा दिली जाते. काशीने मराठीला मान्यता दिली, हे सिद्ध करण्यासाठीही तीच कथा दिली जाते. परस्परविरोधी दोन मतांना एकच हकीकत आधार देत असेल, तर ती आधार देत नसून दोन्ही मतांना अलंकार पुरवते, असे म्हणावे लागेल. शिवाय दोन्ही पक्ष 'काशीचे पंडित' नावाचा एकजिनसी, महाराष्ट्राबाहेरचा समूह गृहीत धरतात. त्या काळी काशीतील अग्रगण्य धर्मशास्त्रज्ञांत नारायणभट्टांची गणना होत होती. त्यांचे वडील रामेश्वरभट्ट पैठणहूनच काशीस आलेले. हरप्रसाद शास्त्रींनी १९१२ मध्ये काशीतील दाक्षिणात्य पंडितांवरील लेखात या घराण्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे नारायणभट्टांचे पणतू. एकनाथांची आणि नारायणभट्टांची भेट झाली, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. एक गाव, एक काळ, एक नगरी. एवढ्यावरून भेट संभाव्य ठरते. घडली, असे क्रियापद मात्र वापरता येत नाही.

तर मग आख्यानाचे काय करावे? ते टाकून देणे हा उपाय नव्हे. १५७३ मध्ये गंगाकाठी काय घडले, याचा पुरावा म्हणून ते दुर्बळ आहे. १७७४ मध्ये मराठी समाजाला आपल्या भाषेच्या प्रतिष्ठेविषयी काय वाटत होते, याचा पुरावा म्हणून ते बळकट आहे. कोणी एखादे मत बाळगले होते, हे स्वतः एक तथ्य असते. त्याला काळ असतो, कर्ता असतो, श्रोता असतो. एकनाथांनी युक्तिवादाने मांडलेले मत दोन शतकांनंतर प्रसंगाच्या रूपाने का सांगावेसे वाटले, हा प्रश्न साहित्येतिहासाच्या कक्षेत निश्चितच येतो. त्याचे उत्तर गंगेच्या पात्रात शोधून मिळणार नाही. अठराव्या शतकातील कीर्तन, मठ आणि पोथीव्यवहार यांत ते शोधावे लागेल.

या शोधासाठी आवश्यक असलेली शिस्त एकनाथांच्याच कार्यात आढळते. शक १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतराने तो अशुद्ध झाला, अशी त्यांची भूमिका होती. आणि त्यात आपली ओवी घालणाऱ्याला त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत बजावले. घातलेली ओवी सुंदर आहे की नाही, भक्तीची आहे की नाही, हा विचार त्यांनी केला नाही. ती ज्ञानेश्वरांची आहे काय, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. त्यांच्या चरित्रात नंतर आलेल्या ओव्यांनाही तोच प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे.