किंझुआचा पूल नुसत्या वाऱ्याने पडला नाही

नायगरा दोनदा दाखवून झालेल्या आई-बाबांनो, या सुट्टीत मुलांना एक मोडलेला पूल दाखवा. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेला, माउंट ज्युएट गावाजवळ, किंझुआ क्रीकवर आहे. क्रीक म्हणजे आपली खाडी नव्हे हं, साधा ओढा. पण त्याची दरी भलतीच खोल.

या भागातून कोळसा, लाकूड, तेल बाहेर न्यायला रेल्वे हवी होती. दरीला वळसा घालायचा तर आठ मैल जादा रूळ, तेही डोंगरातून. म्हणून १८८२ मध्ये सरळ पूलच बांधला: ३०१ फूट उंच, २०५२ फूट लांब. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चौथऱ्यासकट ३०५ फूट आहे, त्यावरून अंदाज करा! तेव्हा जगात याहून उंच रेल्वे पूल नव्हता, आणि काम झालं ९४ दिवसांत. त्यातले एक इंजिनिअर ऑक्टेव्ह शानूट. राईट बंधूंना पुढे सल्ला देणारे हेच. घरात विमानवेडं पोर असेल तर नक्की सांगा.

पूल लोखंडी होता आणि हलायचा, म्हणून गाड्या ताशी पाच मैलांनी हाकत. १९०० मध्ये तो उतरवून तिथेच पोलादी पूल उभारला. खरी गोम इथे आहे. मनोरे नवे आले, पण ते पायाशी धरून ठेवणारे बोल्ट १८८२ चेच राहिले. त्यांनाच जोड देऊन काम भागवलं.

१९५९ मध्ये मालगाड्या थांबल्या. एका भंगारवाल्याने पूल विकत घेतला, पण बघितल्यावर त्याला तो तोडवेना. (असेही भंगारवाले असतात!) मग राज्याने तिथे उद्यान केलं आणि १९८७ पासून पर्यटकांची गाडी धावू लागली. २००२ मध्ये तपासणीत गंज सापडला, पूल बंद झाला, दुरुस्ती सुरू झाली.

२१ जुलै २००३. कामगार आवरून निघत होते आणि टॉर्नेडो आला. २० पैकी ११ मनोरे अर्ध्या मिनिटात आडवे! सुदैवाने कोणी दगावलं नाही. वादळ तसं एफ-१, म्हणजे टॉर्नेडोंच्या मानाने हलकंच. चौकशीत बोट गेलं ते त्या जुन्या, गंजलेल्या बोल्टांकडे.

पूल पुन्हा बांधला नाही. पोलाद पडलं तिथेच ठेवलंय. उरलेल्यांपैकी सहा मनोऱ्यांवरून २०११ पासून दरीवर चालत जाता येतं. टोकाला काचेची जमीन आहे, खाली सव्वादोनशे फूट. धीट मुलं तिथे पालथी पडून बघतात, बाबा लोक कठडा सोडत नाहीत. अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतं, निघण्याआधी उद्यानाला फोन करा.