शिक्का कोणाच्या हाती?

लातूर रोडहून निघालेली आगगाडी उदगीर, कमालनगर, भालकी अशी स्थानके मागे टाकीत बीदरला पोहोचते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात आले, आणि बीदर व गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेले. सीमा बदलली तरी भालकी-औरादच्या बाजारातून मराठी गेलेली नाही, आणि बीदरच्या इतिहासाशी असलेला आपला संबंधही तुटलेला नाही. या शहरात रंगीत कौलकामाने मढविलेला एक मनोरा उभा आहे. १४७२ साली पुऱ्या झालेल्या मदरशाच्या दर्शनी बाजूस असे दोन मनोरे होते. त्यांतील एक १६९६ सालच्या दारूच्या स्फोटात नाहीसा झाला. हा मदरसा बांधणारा महमूद गवान बहमनी राज्याचा वजीर होता. त्याच्या विद्याप्रेमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज मी बोलणार आहे ते त्याच्या कारभाराविषयी, आणि त्यातही एकाच प्रश्नाविषयी: काम दुसऱ्यावर सोपवावे ते कसे?

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण एका माणसाच्या संसारात खरी ठरेल. राज्यात ती उपयोगी पडत नाही. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले आणि थोड्याच वर्षांत त्याच्या चार तरफा करण्यात आल्या. पुढे या चार तरफा वऱ्हाड, दौलताबाद, गुलबर्गा व तेलंगण या नावांनी ओळखल्या जात. प्रत्येकीवर एक तरफदार. वसूल त्याचा, फौज त्याची, किल्लेही त्याच्याच माणसांच्या ताब्यात. घोड्यावरून हुकूम पोहोचण्यास जिथे दिवसचे दिवस लागत, तिथे असे केल्यावाचून गत्यंतरही नव्हते. परंतु ज्याला सर्वच दिले त्याच्याकडून हिशेब मागण्यास हाती काही उरत नाही. तरफदार नावाचा सेवक राहिला आणि वस्तुतः लहानसा राजा झाला.

गवान हा मूळचा इराणातील गिलानचा. १४५३ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, तो व्यापारी म्हणून बीदरला आला. पुढे दरबारातून त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, हा किताब मिळाला आणि १४६६ च्या सुमारास वजिरी त्याच्या हाती आली. व्यापाऱ्याला दूरदेशी माल पाठवावा लागतो आणि तो गुमास्त्याच्या हातीच द्यावा लागतो. भाव काय करावा हे गुमास्त्याने तिथे ठरवावे, पण आल्यावर हिशेब मात्र द्यावा, ही पेढीची रीत. गवानाच्या पुढील सुधारणांमागे या रीतीचे वळण होते, असे मला वाटते.

१४७२ साली गोवा घेतल्यावर, आणि नंतर पूर्वेकडे गोदावरीच्या मुखापर्यंत मुलूख वाढल्यावर, जुनी चौकट पुरेनाशी झाली. तेव्हा गवानाने चार तरफांच्या आठ केल्या. वऱ्हाडच्या गाविल व माहूर, दौलताबादच्या दौलताबाद व जुन्नर, गुलबर्ग्याच्या गुलबर्गा व विजापूर, तेलंगणच्या राजमहेंद्री व वरंगळ. यांतील गाविलगड, माहूर, दौलताबाद आणि जुन्नर ही नावे आपल्या रोजच्या परिचयाची आहेत.

पण नुसते तुकडे पाडणे ही खरी सुधारणा नव्हे. प्रत्येक तरफेतील काही परगणे त्याने सुलतानाच्या खालशात घेतले. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. बाकीच्या किल्ल्यांवरील किल्लेदार मध्यवर्ती सरकार नेमील आणि त्यांचा पगारही तेच देईल, असे ठरविले. पाचशे स्वार बाळगणाऱ्या सरदारास वर्षास एक लाख व पुढे सव्वा लाख होनांची नेमणूक करून दिली. जहागिरीचे उत्पन्न त्याहून कमी आले तर तूट खजिन्यातून भरून मिळे. परंतु स्वारांची संख्या कमी भरली तर तेवढी रक्कम कापली जाई. जमिनीची मोजणी आणि गावांच्या शिवा ठरविणे हेही त्याने हाती घेतले.

या नियमांत एक न्याय आहे. ज्याच्यावर काम टाकले त्याला साधने पुरी द्यावयाची. कमी पडल्यास ती भरून द्यावयाची. आणि मग मोजदाद मात्र चुकवू द्यावयाची नाही. साधने न देता जाब विचारणारा वरिष्ठ आणि साधने देऊन जाब न विचारणारा वरिष्ठ हे दोघेही काम बिघडवितात. गवानाने दोन्ही टोके टाळली, आणि विजापूरची तरफ स्वतःकडे असताना नियम स्वतःलाही लावला.

तरीही तो बळी पडला. ज्यांचे किल्ले गेले ते सरदार दुखावले होते. दरबारात दखनी आणि परदेशी असे दोन पक्ष होते. अधिकाराच्या जागा दोघांत वाटून समतोल राखण्याचा गवानाने प्रयत्न केला, पण मनांतील तेढ गेली नाही. सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिणाऱ्या फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकीकत अशी की, विरोधकांनी गवानाचा शिक्का सांभाळणाऱ्या सेवकाशी मैत्री केली, त्याला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. मग त्याच कागदावर ओरिसाच्या राजास राज्यावर चालून येण्याचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले गेले. शिक्का माझा, पण पत्र माझे नव्हे, असे गवानाने सांगितले. ते कोणी ऐकून घेतले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत, सत्तरी गाठलेल्या या वजिराचा शिरच्छेद झाला.

आठ तरफदारांवर नजर ठेवणाऱ्या या माणसाने आपला शिक्का एका सेवकाच्या हाती निर्धास्तपणे दिला होता. दूरच्या माणसाविषयी आपण सावध असतो. रोज उंबऱ्याशी उभा असणारा विश्वासाचाच वाटतो. परंतु गवानाहून मोठी चूक सुलतानाची. तिसरा महंमदशहा लहानपणी, १४६३ साली, गादीवर आला आणि राज्याचा भार वजिरानेच वाहिला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झाल्यावरही समोर आलेला कागद पारखण्याची सवय त्याला लागली नव्हती. शिक्का कोणाकडे असतो, पत्राचे अक्षर कोणाचे, ते नेले कोणी, हे तीन प्रश्न त्याने विचारले असते तर कट तिथेच उघडा पडता. ज्याने सर्व काम सोपविले, त्याच्यावर एवढे प्रश्न विचारण्याचे काम तरी उरतेच.

सुलतान वर्षभरात, मार्च १४८२ मध्ये, मरण पावला. १४९० च्या सुमारास अहमदनगर, विजापूर व वऱ्हाड येथील सरदार स्वतंत्र झाले, पुढे गोवळकोंडाही गेले, आणि बीदरमध्ये बरीद घराण्याने बहमनी सुलतानास नावापुरते ठेवले. तरफांची व्यवस्था कागदावर चांगलीच होती. ती चालविणारा गेला आणि त्याच्या जागी हिशेब मागणारा दुसरा कोणी तयार झालेला नव्हता. बीदरच्या बाहेर गवानाची साधी कबर आहे. मनोरा पाहून परतणाऱ्याने तिथेही जावे. आणि आपल्या कचेरीतील, दुकानातील वा संस्थेतील शिक्का आज कोणाच्या हाती आहे, याचा घरी पोहोचण्यापूर्वी एकदा विचार करावा.