लेखकाचे कागद आणि ग्रंथालय

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड हें जनाबाईचें गांव. तिचे अभंग टिकले ते वारकऱ्यांच्या मुखीं आणि इतरांनीं उतरून घेतलेल्या बाडांत. अर्वाचीन लेखकाला असे सहस्र राखणदार कोठून मिळणार?

तेव्हांच्या याच जिल्ह्यांत, सातोन्यास, १९१३ सालीं जन्मलेले बी. रघुनाथ निजामी राजवटींत बांधकाम खात्यांत कारकुनी करीत, आणि त्याच हातानें कथा, कविता, कादंबऱ्या लिहीत. १९५३ सालीं परभणीस चाळिशींतच ते वारले. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा त्यांचा कवितासंग्रह १९५५ सालीं निघाला. मागें राहिलेलें लेखन कोणीं तरी जपलें, म्हणूनच हें घडलें.

छापील पुस्तकांत लेखकाचा अखेरचा निर्णय असतो. त्या निर्णयाची वाट खोडलेल्या ओळींत व पत्रांत दिसते. जुनीं दप्तरें नष्ट होऊं नयेत म्हणून राजवाडे गांवोगांव हिंडले, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. लेखकाच्या ट्रंकेकडे मात्र आपण तितक्या आस्थेनें पाहत नाहीं. मुंबई दूरदर्शन १९७२ सालीं सुरू झालें. त्यासाठीं लिहिलेल्या संहितांचें तर बहुधा पुस्तकहि होत नाहीं. कागद गेला कीं लेखनच गेलें.

म्हणून घरांत असे कागद असल्यास त्यांचा मूळ क्रम मोडूं नका, गंजक्या टांचण्या काढा, ओलीपासून जपा, यादी करा आणि तें सारें ग्रंथालयाच्या स्वाधीन करा. रद्दीवाल्याचा तराजू दारीं येण्यापूर्वींच हें झालें पाहिजे.